गाडी ‘मिसिंग’ करते तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लाख-दीड लाख किलोमीटर पळालेली, पंधरा-वीस वर्षं वयाची मोटार ज्यांच्या दारात आहे, त्यांना ‘मिसिंग’ हा शब्द नवा नाही. सिग्नलला गाडी उभी असते, इंजिन चालू असतं आणि सीटखाली अधूनमधून एक थरथर जाणवते. भजनात एखाद्या टाळकऱ्याचा ठोका चुकत राहावा तसं. गाडी बंद पडत नाही, पण धड चालतही नाही. गॅरेजात नेली की म्हणतात, “मिसिंग आहे साहेब, प्लग बदलू.” प्लग बदलतात. चार दिवस बरं वाटतं, की बरं वाटल्यासारखं वाटतं, आणि पाचव्या दिवशी थरथर परत हजर. मग कॉइल बदलायची, मग वायरी, मग पंप. बिलं साठत जातात आणि शेवटी कुणीतरी म्हणतं, “इंजिन गेलं. आता विकून टाका.”

आज मला सांगायचं आहे ते एवढंच, की ‘मिसिंग’ हे रोगाचं नाव नाही, लक्षणाचं आहे. ताप आला म्हणजे काय झालं हे जसं कळत नाही, तसंच. आणि जुन्या गाडीवर सर्वांत जास्त पैसा वाया जातो तो दुरुस्तीत नव्हे, तर तपासणी न करता केलेल्या दुरुस्तीत.

आधी मिसिंग म्हणजे नेमकं काय ते पाहू. आपल्या नेहमीच्या छोट्या गाडीत चार सिलिंडर असतात. गाडी जागेवर चालू असताना इंजिनाचे साधारण आठशे फेरे मिनिटाला होतात. दर दोन फेऱ्यांमागे प्रत्येक सिलिंडरात एकदा पेट्रोलचा भडका होतो. म्हणजे एका सिलिंडरात मिनिटाला चारशे, चारही मिळून सोळाशे भडके. सेकंदाला सव्वीस-सत्तावीस. इतके जवळजवळ असल्यामुळे ते वेगळे ऐकू येत नाहीत, एकसंध घरघर ऐकू येते. यातला एक सिलिंडर काम करेनासा झाला, की सेकंदाला सहा-सात वेळा रिकामी जागा पडते आणि ती हाताला, पायाला, कानाला कळते. सायलेन्सरच्या तोंडाशी हाताचा तळवा धरून पाहा, थोडा अंतरावर, भाजणार नाही असा. हवेचा झोत सारखा लागला तर ठीक. मधेच ‘फट्’ असा तुटला, की समजावं.

भडका होण्यासाठी तीनच गोष्टी लागतात. वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी, हवा आणि पेट्रोल यांचं योग्य मिश्रण, आणि ते मिश्रण घट्ट दाबून धरणारा बंदिस्त सिलिंडर. ठिणगी, मिश्रण आणि दाब. चौथं कारण नाही. गाडी कोणत्याही कंपनीची असो, मिसिंगचं मूळ या तिघांपैकी एकात सापडतं.

मग पहिल्यांदा प्लगच का बदलतात? याचं उत्तर जुन्या सवयीत आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतलेली पद्मिनी टॅक्सी ज्यांनी सांभाळली, त्यांना आठवत असेल. त्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंट असायचे. ते जळायचे, त्यांच्यामधलं अंतर बदलायचं, कंडेन्सर जायचा. ड्रायव्हर स्वतः पॉलिश पेपरनं पॉइंट घासायचा, प्लग साफ करायचा आणि गाडी पुढे निघायची. तेव्हा मिसिंगचं कारण बहुधा ठिणगीतच मिळे. नंतर कार्ब्युरेटर गेले, इंजेक्टर आले, पॉइंट गेले, इलेक्ट्रॉनिक कॉइल आल्या. ठिणगीचा भाग पुष्कळच भरवशाचा झाला. हात मात्र सवयीनं अजून प्लगकडेच जातो.

तेव्हा गाडी उघडण्याआधी प्रश्न विचारायचे. चांगला डॉक्टर नाडी धरण्यापूर्वी विचारतो, “कधीपासून? कधी वाढतं? कशानं बरं वाटतं?” गाडीच्या मालकानं या प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून नेली, तर मेकॅनिकचं निम्मं काम होतं.

मिसिंग थंड इंजिनावर आहे की गरम झाल्यावर सुरू होतं? जागेवर आहे की चढावर? पावसाळ्यातच होतं का? गाडीला सीएनजी असेल तर फक्त गॅसवर होतं, की पेट्रोलवरही होतं?

प्रत्येक उत्तराला अर्थ आहे. जोर लागतो तेव्हाच, म्हणजे घाटात किंवा ओव्हरटेक करताना धक्के बसत असतील, तर ठिणगी कमकुवत असण्याची किंवा पेट्रोल कमी पडण्याची शक्यता जास्त. चोंदलेला फिल्टर, थकलेला पंप, चिरलेली प्लगची वायर ही मंडळी अशी जोराच्या वेळी उघडी पडतात. उलट, जागेवर थरथर आणि वेगात गाडी बरी, असं असेल तर इंजिनात कुठून तरी चोरून हवा शिरते आहे का, किंवा एखादा वॉल्व्ह नीट बंद होत नाही का, ते पाहावं लागतं. वेगात गळतीला वेळ कमी मिळतो, म्हणून ती झाकली जाते.

पावसाळी सकाळीच त्रास होत असेल तर वायरी पाहा. प्लगकडे जाणारा वीजदाब वीस हजार व्होल्टच्या पुढे असतो. रबराला बारीक चीर असेल आणि ओल असेल, तर ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच उडी मारते. रात्री अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, वायरींवर बाटलीनं पाण्याचा अगदी बारीक फवारा मारला की निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. मात्र हात लांब ठेवून. आणि एक विनंती. इंजिन चालू असताना प्लगची वायर उपटून पाहायची जुनी पद्धत आता सोडून द्या. जबर झटका बसतो आणि आताच्या कॉइलही त्यानं जळू शकतात.

फक्त गॅसवर मिसिंग असेल आणि पेट्रोलवर गाडी साफ असेल, तर आधी प्लग आणि वायरीच पाहाव्यात, कारण सीएनजी पेटवायला जास्त जोरदार ठिणगी लागते. पेट्रोलवर कशीबशी चालणारी ठिणगी गॅसवर उघडी पडते. ते ठीक असेल तर गॅसकिटची जुळणी तपासायची. दोन्हींवर मिसिंग असेल, तर पेट्रोलचा पंप किंवा पेट्रोलचे इंजेक्टर बदलण्यात काही अर्थ नाही. गॅसवर चालताना त्यांचा संबंधच येत नाही.

पेट्रोलबद्दलही दोन शब्द. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सील त्यासाठी बनवलेले नसतात, म्हणून ते कडक झाले आहेत का, पाझरतात का, यावर लक्ष ठेवा. इथेनॉल पाणी शोषून घेतं. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाशी पाणी साठू शकतं, आणि सुट्टीनंतर काढलेली गाडी धक्के खाते ती कधी कधी यामुळेच.

प्रश्न झाले की दुसरी पायरी, आजारी सिलिंडर शोधणं. चारही सिलिंडर एकाच वेळी आजारी आहेत, की एकच? इंजिन जागेवर चालू ठेवून एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढून पाहायचा. निरोगी सिलिंडरचा काढला की इंजिन आणखी हेलकावे खातं. ज्याचा काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आधीपासूनच बसलेला आहे. पाच मिनिटांचं काम, सुटा भाग एकही लागत नाही.

नव्या गाड्यांत हेच काम कॉम्प्युटर करतो. अमेरिकेत १९९६ पासून मोटारींना ओबीडी-दोन ही स्वतपासणीची पद्धत सक्तीची झाली, आपल्याकडे ती सरसकट आली २०१३ साली. स्कॅनर जोडला की ‘पी ०३००’ असा आकडा आला, तर मिसिंग अनेक सिलिंडरांत फिरतं आहे. ‘पी ०३०३’ आला तर तिसऱ्यात. पण इथे फसायला होतं. स्कॅनर सांगतो ते कुठे, का ते नव्हे. तिसऱ्या सिलिंडरचा कोड आला म्हणजे तिसरी कॉइल गेली, असा अर्थ होत नाही. पत्ता मिळाला, घरात काय घडलं ते आत जाऊन पाहायलाच हवं.

तिसरी पायरी अदलाबदलीची. आजारी सिलिंडरचा प्लग शेजारच्या निरोगी सिलिंडरात घालायचा आणि त्याचा इकडे. मिसिंग प्लगबरोबर शेजारी गेलं, तर प्लग दोषी. जागचं हललं नाही, तर प्लग निर्दोष. तसंच वायरीचं, कॉइलचं, इंजेक्टरचं. गाडीतलेच भाग वापरून, नवा भाग न घेता, एकेक संशयित सुटत जातो. नवा भाग बसवून पाहण्यापेक्षा हे चांगलं, कारण एका वेळी तीन नवे भाग बसवले आणि गाडी सुधारली, तरी कशानं सुधारली ते कळत नाही.

आता एक खरं उदाहरण सांगतो. सासवडहून एक गृहस्थ माझ्याकडे आले. चार सिलिंडरची छोटी गाडी, दोन लाख किलोमीटर झालेले, सहा वर्षांपूर्वी सीएनजी किट बसवलेलं. पत्नीला आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, डायलिसिससाठी पुण्याला आणायचं. दिवे घाट उतरून हडपसरच्या गर्दीत आलं की इंजिन थरथरायचं आणि सिग्नलला बंद पडायचं. परतीच्या वाटेवर घाट चढताना दम नाही. डायलिसिस झालेलं माणूस थकलेलं असतं. त्याला घेऊन रात्री घाटात उभं राहायचं म्हणजे काय, ते सांगायला नको. दोन-तीन ठिकाणी मिळून प्लग, वायरी, दोन्ही कॉइल आणि पेट्रोलचा पंप बदलून झाला होता, इंजेक्टर साफ झाले होते. अठरा हजार गेले होते. शेवटी त्यांना सल्ला मिळाला होता की गाडी भंगारात द्या. ते मला म्हणाले, “दादा, दुसरी गाडी घेण्याची ऐपत नाही. एवढंच सांगा, ही वाचणार आहे की नाही?”

त्यांच्याच उत्तरांतून तीन गोष्टी निघाल्या. त्रास पेट्रोलवर आणि गॅसवर सारखाच होता. सकाळी सासवडहून निघताना नव्हता, गरम झाल्यावर सुरू होई. आणि जागेवर जास्त होता. मी गाडी अर्धा तास फिरवून आणली आणि एकेक कनेक्टर काढून पाहिला. तिसरा सिलिंडर बसलेला होता. त्या गाडीत एक कॉइल पहिल्या-चौथ्याला आणि दुसरी दुसऱ्या-तिसऱ्याला ठिणगी देते. दुसरा सिलिंडर ठणठणीत होता. म्हणजे कॉइलवर संशय घ्यायला फारशी जागाच नव्हती. प्लग, वायर, इंजेक्टर शेजाऱ्याशी बदलून पाहिले. मिसिंग तिसऱ्यातच राहिलं. ठिणगी सुटली, पेट्रोल सुटलं. उरला दाब.

दाब मोजायचं यंत्र अगदी साधं असतं. प्लग काढून त्या जागी दाबमापक लावायचा, पेट्रोल आणि ठिणगी बंद करायची, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर पाच-सहा फेरे फिरवायचा. टायरमध्ये आपण तीस-बत्तीस पौंड हवा भरतो, त्याच मापात निरोगी सिलिंडर दीडशेच्या पुढे दाखवतो. यांच्या गाडीचे आकडे आले १७०, १७५, ९० आणि १७०. तिसरा निम्म्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर तोच आकडा १४० आला.

थंडपणी दाब बरा आणि गरमपणी खलास, याचा अर्थ काय? हा दाब तीन वाटांनी गळू शकतो. पिस्टनच्या रिंगांतून खाली, हेड गॅस्केटमधून बाजूला, किंवा वॉल्व्हमधून बाहेर. सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंग झिजल्या असत्या तर तेलानं फट बुजून आकडा वाढला असता. वाढला नाही. मग पिस्टन अगदी वर, दोन्ही वॉल्व्ह मिटलेल्या अवस्थेत आणून, प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि कान लावला. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले असते तर हेड गॅस्केट. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली असती तर रिंग. हवा आत घेणाऱ्या बाजूनं आली असती तर इनटेक वॉल्व्ह. फुसफुस आली ती सायलेन्सरमधून. तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह मिटत नव्हता.

का मिटत नव्हता, हे समजणं सीएनजीवाल्या प्रत्येकाला उपयोगाचं आहे. वॉल्व्ह आणि त्याला ढकलणारा टॅपेट यांच्यामध्ये कागदाच्या जाडीएवढी फट ठेवलेली असते, कारण तापल्यावर वॉल्व्हची दांडी लांबते. गॅस हा कोरडा वायू. वॉल्व्ह ज्या बैठकीवर आपटून मिटतो, ती गॅसवर लवकर झिजते. बैठक झिजली की वॉल्व्ह हळूहळू वर सरकतो आणि ती फट कमी होत होत संपते. मग इंजिन तापलं, दांडी लांबली, की वॉल्व्ह किंचित उघडाच राहतो. दाब तिथून निघून जातो. शिवाय वॉल्व्हची उष्णता बैठकीला टेकूनच बाहेर जात असते. टेकला नाही, तर त्याची कड जळू लागते. आणि गंमत अशी, की फट वाढली तर टॅपेट टकटक आवाज करतो आणि लोक धावत येतात. फट संपली तर आवाज बंद होतो. मालकाला वाटतं, इंजिन किती शांत झालं! आवाज करणाऱ्या टॅपेटपेक्षा गप्प बसलेल्या टॅपेटला जास्त भ्यावं, असं आमच्या धंद्यात म्हणतात ते यासाठी.

या गाडीत सर्वांत पातळ पट्टीसुद्धा त्या फटीत शिरेना. किट बसवल्यापासून टॅपेटला कुणी हात लावला नव्हता. मी त्यांना दोन मार्ग सांगितले. टॅपेट जुळवून दिले तर काही दिवस निभेल, पण वॉल्व्हची कड जळली असणार, त्रास परत येईल. हेड उतरवलं तर काम पक्कं होईल, पण दोन-तीन दिवस गाडी उभी राहील. मधे डायलिसिसचा दिवस येता कामा नये. त्या दिवशी टॅपेट जुळवून दिले. गरम इंजिनावरचा आकडा नव्वदचा सव्वाशे झाला, म्हणजे निदान बरोबर होतं. गुरुवारी पत्नीला घरी सोडून त्यांनी संध्याकाळी गाडी आणून दिली. शुक्रवारी हेड उतरवलं. कडेला जळलेला वॉल्व्ह त्यांच्या हातात ठेवला, नखाएवढा तुकडा उडालेला होता. तो आणि शेजारचा मिळून दोन वॉल्व्ह बदलले, बैठका घासून घेतल्या, नवं गॅस्केट टाकलं. रविवारी गाडी परत, सोमवारी पुण्याला. खर्च आला तो आधीच्या अठरा हजारांच्या निम्म्याहून थोडा जास्त.

गाडी भंगारात गेली असती, तर ती कुणी न मोजलेल्या एका फटीपायी. बाकीचे तीन सिलिंडर उत्तम होते. त्यांचे आकडे समोर असते, तर भंगाराचा सल्ला कुणी दिला नसता. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चारही सिलिंडरचा दाब कमी, तेल घातलं की वाढतो, सायलेन्सरमधून निळा धूर, ऑइल सारखं भरावं लागतं, असं असेल तर रिंग आणि सिलिंडर झिजलेले आहेत. तेव्हा मात्र मनाला बजावून हिशोब करावा. पण तोही आकडे पाहून, अंदाजानं नव्हे.

मिसिंग होत असताना गाडी रेटत राहणं मात्र महागात पडतं. ज्या सिलिंडरात भडका होत नाही, त्यातलं कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन काढतं. उरलेलं सायलेन्सरकडे जातं आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं. कन्व्हर्टर लालबुंद होऊन आतून वितळतो, आणि त्याची किंमत प्लग-कॉइलच्या कितीतरी पट. नव्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागला तर लवकर दाखवावं, लुकलुकू लागला तर वेग कमी करून गाडी थांबवावी, आणि वाळलेल्या गवतावर उभी करू नये. पीयूसीच्या चाचणीत हायड्रोकार्बनचा आकडा एकाएकी चढला, तर तीही मिसिंगची आगाऊ सूचना असू शकते. आणि मिसिंग असलेली गाडी घेऊन घाटात ओव्हरटेक करू नका. हवा तेव्हा जोर मिळेलच, याची खात्री नसते.

शेवटी, गॅरेजात जाताना लक्षात ठेवायच्या चार गोष्टी. पहिली, त्रास कधी होतो ते लिहून न्या, आणि शक्य असेल तर त्रास होत असतानाच गाडी दाखवा. दुसरी, “काय बदलणार?” असं विचारण्याआधी “कोणता सिलिंडर, आणि काय तपासलं?” असं विचारा. तिसरी, भाग बदललाच तर जुना भाग मागून घ्या आणि तो का बदलला ते विचारा. चौथी, गॅसवर गाडी चालवत असाल आणि तुमच्या इंजिनाचे टॅपेट जुळवण्याजोगे असतील, तर दर पंधरा-वीस हजार किलोमीटरला फट तपासून घ्या. काही इंजिनांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांना ही जुळणी लागत नाही. तुमच्या गाडीत कोणते, ते पुस्तिकेत असतं.

एक गोष्ट मालकांनीही समजून घ्यायला हवी. तपासणीला वेळ जातो आणि त्या वेळेचे पैसे होतात. आपण प्लगचे पैसे खुशीनं देतो, कारण प्लग हातात दिसतो. दीड तास तपासून “प्लग चांगले आहेत” असं सांगणाऱ्याला मात्र पैसे देताना आपला हात आखडतो. मग तोही तपासणं सोडतो आणि भाग विकू लागतो. निदानाची मजुरी मानानं दिली, तर निदान करणारे कारागीर टिकतील. आणि त्यांच्याबरोबर आपल्या जुन्या गाड्याही आणखी काही वर्षं रस्त्यावर टिकतील.